भरीत पार्टीची पेटी

दिवाळी उलटली की असोद्याच्या वावरांत भरिताची वांगी धरू लागतात आणि जळगावातल्या माणसांना असोद्याचे जुने मित्र आठवू लागतात. बाकीचा महाराष्ट्र हे गाव बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून ओळखतो. जळगावच्या पोटाला मात्र ते वांग्यांमुळे ठाऊक आहे. वांगी फिकट हिरवी, पांढुरक्या रेषांची, कमी बियांची. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काट्यांचा जाळ करून ती भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, मग लसूण-मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या.

शेतावरच्या या भरीत पार्टीत प्रत्येक गोष्टीची चिकित्सा होते. वांगी कुणाच्या वावरातली, मिरची किती जहाल, तेल घाण्यावरचं का पिशवीतलं, यावर तासभर वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. चिकित्सा होत नाही ती फक्त बिअरची. उन्हं कलल्यावर कुणीतरी मोटरसायकलला किक मारतो, असोदा रेल्वे गेटकडून जळगावात शिरतो आणि पहिल्या बिअर शॉपीच्या काउंटरवर म्हणतो, "भो, एक पेटी दे. कडक दे. दहा हजारवाली."

हा लेख त्या मोटरसायकलवाल्यासाठी आहे. जो पीत नाही त्यानं या निमित्तानं सुरुवात करावी असं इथे काही नाही, आणि एकवीस वर्षांखालच्या वाचकाला तर महाराष्ट्रात बिअर विकत घेण्याचाच अधिकार नाही. पण घ्यायचीच असेल, आणि त्यातही स्ट्राँग घ्यायची असेल, तर वांग्याला लावतो त्याच्या निम्मी तरी चिकित्सा तिला लावू.

आधी तो आकडा. पाच हजार, दहा हजार ही बाटलीवरची नावं आहेत, मापं नव्हेत. हेवर्ड्स ५००० मधल्या पाच हजाराचा अल्कोहोलशी काही संबंध नाही, आणि कॅनन किंवा पॉवर यांच्या पुढच्या दहा हजाराचाही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आपल्याकडे बिअरचे सरळ दोन वर्ग आहेत. अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत असेल तर ती माइल्ड किंवा लागर, पाचच्या वर आठपर्यंत असेल तर स्ट्राँग. आठच्या वर गाडी जातच नाही. म्हणजे पाच हजारवाली आणि दहा हजारवाली या दोघी एकाच खोलीत राहतात. दहा हजारवाली दुप्पट चढते असं ज्याला वाटतं, त्याला ती नावानंच चढलेली असते.

लेबल वाचलं तरी गंमत संपत नाही. बऱ्याच स्ट्राँग बिअरवर छापलेलं असतं, 'अल्कोहोल ५ टक्क्यांपेक्षा जास्त, पण ८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही'. कायद्याला हे चालतं, पण आपल्याला त्यातून काय कळलं? साडेपाचही असू शकेल आणि पावणेआठही. त्यामुळे माझा पहिला नियम असा की एकच स्पष्ट आकडा छापणारी बाटली शेजारी असेल तर ती उचलायची. ती नसेल तर हिशेब आठ टक्के धरूनच करायचा. कमी धरून चुकण्यापेक्षा जास्त धरून चुकलेलं बरं.

हिशेब कसला, तर हा. मोठी बाटली ६५० मिलीची. तिचे आठ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आता व्हिस्कीचा मोठा पेग घ्या. ६० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण २५.७ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक मोठी बाटली बरोबर दोन मोठे पेग. तीन बाटल्या म्हणजे सहा पेग. सहा पेग घेतलेल्या माणसाला आपण खाटेवर आडवं करतो, चादर टाकतो. तीन बाटल्या घेतलेला माणूस मात्र "बिअरच तं घेतली" म्हणत किल्ली शोधत असतो, आणि आपण त्याला शोधू देतो. खान्देशातल्या पिण्याचा सगळा घोळ मला त्या 'च'मध्ये दिसतो.

हाच हिशेब बाकीच्या मापांना लावा. ३३० मिलीचा पिंट, आठ टक्के, म्हणजे २६ मिलीच्या आसपास, एक मोठा पेग. ५०० मिलीचा टिन ४० मिली, दीड पेग. पाच टक्क्यांची माइल्ड मोठी बाटली साडेबत्तीस मिली, सव्वा पेग. यकृत हे सगळं आपल्या सोयीनं नाही, त्याच्या सोयीनं जाळतं. तासाला अंदाजे दहा मिली, कमी-जास्त. म्हणजे संध्याकाळी सातला संपवलेली एक मोठी स्ट्राँग अंगातून पूर्ण उतरायला मध्यरात्र होते. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा यांनी माणूस जागा होतो, उतरत नाही. आणि जागा झालेला माणूसच गाडी काढतो.

हा हिशेब एकदा समजला की कुठली घ्यायची यापेक्षा केवढी घ्यायची हा प्रश्न मोठा होतो. मी पिंटच्या बाजूचा आहे. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडते हे खरं, पण ती उघडली की संपवावी लागते. गॅस जातो, कोमट होते, टाकवत नाही. म्हणून माणूस शेवटचे दोनशे मिली चवीसाठी पीत नाही, पैसे वसूल करायला पितो. मोठीच परवडत असेल तर दोघांत एक उघडा आणि पेल्यात ओतून घ्या. पेल्यात ओतली की काही गॅस बाहेर पडतो, पोट फुगत नाही, आणि रंगही दिसतो. बाटली तोंडाला लावून पिणाऱ्याला आपण काय पितोय ते शेवटपर्यंत दिसत नाही.

आता तारखेकडे येऊ, कारण भरिताच्या पार्टीत खरा दगा तिथेच बसतो.

बिअर ही उन्हाळ्याची विक्री. मार्च ते जून गाड्याच्या गाड्या खपतात. आपली पार्टी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. म्हणजे ज्या महिन्यांत आपण पेटी उचलतो, त्याच महिन्यांत दुकानातला माल सगळ्यात मंद हलतो. बहुतेक बाटल्यांवर उत्पादनापासून सहा महिन्यांची मुदत असते. मे-जूनमध्ये भरलेली, जळगावच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत कुठल्यातरी पत्र्याच्या गोडाउनात उन्हाळा काढलेली बाटली नोव्हेंबरात तुमच्या हातात येऊ शकते. कागदावर तिची मुदत संपलेली नसते, पण चव कधीच गेलेली असते.

माझ्या बाबतीत असं झालेलं आहे. तीन-चार हिवाळ्यांपूर्वी पेटी आणायचं काम माझ्याकडे होतं. दुकान कुठलं ते जाऊ द्या. बाटल्या बर्फासारख्या गार होत्या, त्यामुळे पहिल्या दोन घोटांत काही कळलं नाही. जाळापाशी बसल्याबसल्या पेला जरा कोमट झाला आणि वास आला ओल्या पुठ्ठ्याचा. पावसात भिजलेलं खोकं उन्हात वाळत घातलं की येतो तसा. कुणीतरी म्हणालं काट्या ओल्या असतील, धूर लागला. मी मोबाइलचा टॉर्च लावून बाटलीचा कागद फिरवला. मुदत संपायला अकरा दिवस होते. बारा बाटल्यांपैकी नऊ अजून बंद, आणि परत घेणारं दुकान सात किलोमीटरवर शटर पाडून बसलेलं. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी टॉर्च लावतो.

त्या वासाचं कारण साधं आहे. भरताना बाटलीत थोडी हवा राहते, तिच्यातला प्राणवायू बिअरमधल्या घटकांना हळूहळू खातो, आणि उष्णता वाढली की हे खाणं झपाट्यानं वाढतं. ढोबळ नियम असा, की दहा अंश तापमान वाढलं तर वेग दुप्पट. अजिंठा घाटापलीकडे थंड गोडाउनात सहा महिने टिकणारी बिअर आपल्याकडच्या पत्र्याखाली तितकी टिकत नाही. अल्कोहोल जास्त म्हणून स्ट्राँग जास्त टिकते, जुनी झाली की मुरते, असं सांगणारे भेटतात. बेल्जियममधल्या मठांच्या काही बिअर खरंच मुरतात. शिमेची निळी नऊ टक्क्यांची, बाटलीत जिवंत यीस्ट असलेली, ती लोक वर्षानुवर्षं ठेवतात. आपली स्ट्राँग म्हणजे गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली बिअर. ती लोणच्यासारखी मुरत नाही, दुधासारखी उतरते.

म्हणून दुकानात गेल्यावर आधी तारीख विचारायची नाही, पाहायची. बाटलीवर ती कागदाच्या कडेला किंवा मानेवर बारीक छापलेली असते, टिनच्या बुडाला. दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, तीनपर्यंत ठीक, चारच्या पुढची मी पार्टीला घेत नाही. पेटी फोडून किमान दोन बाटल्या बघा, कारण एका पेटीत दोन वेगळ्या तारखा भरून देणं कठीण नसतं. माइल्ड घेणार असाल तर तारीख जास्तच निरखून पाहा. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा चार पंचमांशांहून अधिक आहे. आपल्या भागातल्या छोट्या दुकानात माइल्ड बहुधा कोपऱ्यात धूळ खात असते.

दुसरं पाहायचं ते ऊन. दुकानाबाहेर पेट्यांची थप्पी उन्हात लागलेली दिसली तर पुढच्या दुकानात जा. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. उजेडानं बिअरमधल्या हॉप्सचा घटक मोडतो आणि एक उग्र, कुबट वास येतो. हे बिघडणं महिन्यांचं काम नाही, कडक उन्हात काही मिनिटांतही होतं. झाकण गंजलेलं, बाटलीच्या तोंडाला टवका, किंवा शेजारच्या बाटल्यांपेक्षा पातळी खाली, असं काही दिसलं तर सोडून द्या. बाटलीच्या अंगावर घासल्याचं पांढरं कडं असेल तर मात्र घाबरू नका. बाटल्या धुऊन परत भरतात, ते कडं दर फेरीला वाढतं.

गारपणाबद्दलही एक गोष्ट मनात धरा. जिभेला बधिर करणारी थंडी चांगल्या बिअरची चव लपवते आणि वाईट बिअरचा दोषही. म्हणून दुकानदार 'एकदम चिल्ड' देतो तेव्हा उपकाराची भावना जरा बेतानं ठेवा. आणि त्या गारव्याचे छापील किमतीवर दहा रुपये वेगळे मागितले तर देऊ नका. सीलबंद माल विकणाऱ्या दुकानाला छापील किमतीच्या वर घेता येत नाही, फ्रिज त्याचा असला तरी. परमिट रूमची गोष्ट वेगळी. तिथे बसायची जागा आणि सेवा मिळते, आणि हॉटेलांनी छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला हरकत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलेलं आहे.

शेतावर गार करायची सोपी रीत म्हणजे घमेल्यात बर्फ, बाटल्या बुडतील इतकं पाणी आणि दोन मुठी खडे मीठ. नुसत्या बर्फापेक्षा पाणी-बर्फाचं मिश्रण बाटलीला सगळीकडून लागतं, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. बर्फ मिळाला नाही तर ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याला ठेवा. खान्देशच्या कोरड्या हवेत त्यानं बराच फरक पडतो. विहिरीत पोतं सोडणारे असतात, पण हिवाळ्यात विहिरीचं पाणी ऊनच लागतं हे त्यांनाही माहीत असतं. घरी डीप फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका, बाटली फुटते.

मग ग्लिसरीन. आपल्याकडच्या प्रत्येक बैठकीत एक तज्ज्ञ असतो. तो बाटलीचं झाकण काढतो, तोंडाला अंगठा लावून ती पाण्यानं भरलेल्या पेल्यात उलटी धरतो, आणि अंगठा काढल्यावर काहीतरी दाट, तेलकट धार पाण्यात खाली उतरताना दाखवतो. "हे पाहा ग्लिसरीन. कंपनी टाकते. हे काढलं नाही तर डोकं दुखतं." सगळे माना डोलावतात. मीही कॉलेजात असताना डोलावलेली आहे. ती धार ग्लिसरीनची नसते, बिअरचीच असते. बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि धान्याचा अर्क विरघळलेला असतो, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड द्रव खाली उतरतो, हलकं पाणी बाटलीत वर चढतं, आणि दोघांची सीमा उजेडात तरंगताना दिसते. साखरेचं पाणी घेऊन हाच प्रयोग करा, तिथेही 'ग्लिसरीन' निघेल. यीस्ट आंबवताना ग्लिसरीनचा अंश स्वतःच तयार करतं हे खरं आहे, पण ते वाईनमध्येही असतं आणि इतकं थोडं असतं की त्यानं डोकं दुखत नाही. या विधीतून एकच गोष्ट पदरात पडते, ती म्हणजे पैसे देऊन आणलेल्या बिअरमध्ये फुकटचं पाणी.

स्ट्राँगमध्ये वरून स्पिरिट ओततात ही दुसरी समजूत. तसं नसतं. यीस्टला जितकी साखर द्याल तितकं अल्कोहोल ते बनवतं. जवाचं माल्ट वाढवलं, जोडीला तांदळाचा चुरा, मका किंवा साखर घातली की आंबायला खाद्य जास्त, अल्कोहोल जास्त. आपल्याकडे भर या स्वस्त खाद्यावर असतो, म्हणून बऱ्याच स्ट्राँग बिअर चढतात पण अंगानं पातळ लागतात आणि मागे एक गोडसर, जरा जळजळती चव राहते. माल्ट जास्त असलेली स्ट्राँग रंगानं थोडी गडद आणि भाजलेल्या पोळीच्या वासाची असते. दुकानात वास घेता येत नाही, पण लेबलावर घटक लिहिलेले असतात. 'माल्ट' आधी आणि 'साखर' नंतर की उलट, एवढं तरी बघता येतं.

आपल्याकडे येणारी बरीचशी बिअर दूरची नसते. छत्रपती संभाजीनगर ही महाराष्ट्राची बिअरनगरी. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, एबी इनबेव्ह अशा बड्यांचे कारखाने तिथे आहेत, आणि जायकवाडीचं पाणी त्यांना लागतं. २०१६ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्याची ओरड झाली तेव्हा उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठानं मद्य कारखान्यांचं निम्म्याहून अधिक पाणी कापायला लावलं होतं. टँकरच्या रांगा आणि बिअरच्या गाड्या एकाच रस्त्यानं जाताना ज्यानं तेव्हा पाहिल्या, तो उरलेली अर्धी बाटली मातीत ओतताना दोनदा विचार करील. लेबलावर कारखान्याचा पत्ता असतो. तारीख सारखीच असेल तर मी जवळच्या कारखान्याची घेतो, ट्रकमध्ये कमी दिवस तापलेली असते म्हणून.

किमतीबद्दल फार लिहीत नाही, कारण आकडे बदलत राहतात. जून २०२५ मध्ये राज्यानं व्हिस्की-रमसारख्या मद्यावरचं शुल्क चांगलंच वाढवलं, बिअर आणि वाईनला त्यातून वगळलं. त्यानंतर क्वार्टरवाले बरेच जण कडक बिअरकडे वळलेले मी पाहतो. वळा, पण वरचा पेगचा हिशेब सोबत घेऊन वळा.

स्वस्तासाठी हद्द ओलांडू नका. रावेर सोडलं की बऱ्हाणपूर, शिरपूर-पळासनेर सोडलं की सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश आपल्या अंगणात आहे. बाटलीवर कुठल्या राज्यात विक्रीसाठी ते छापलेलं असतं. 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' नसलेली पेटी तुमच्या डिकीत सापडली, तर तुमच्या लेखी ती चार मित्रांची पार्टी आणि उत्पादन शुल्कवाल्यांच्या लेखी परराज्यातल्या मद्याची वाहतूक. दुसऱ्या बाजूची चूक आणखी सहज घडते. आपल्या निम्म्या गावाचे नातेवाईक सुरतेला, उधना-लिंबायतला. पार्टीत उरलेल्या दोन बाटल्या गाडीत तशाच राहतात आणि आठवड्यानं लग्नाला निघताना कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नवापूर ओलांडलं की गुजरात, आणि तिथे राज्य झालं तेव्हापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. निघण्याआधी डिकी उघडून पाहा.

परवान्याचं बोललं की लोक हसतात, पण महाराष्ट्रात पिण्याचा परवाना हा अजूनही कायदा आहे, १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातला. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजीवन हजार. वयाची अट बिअर-वाईनला एकवीस, बाकी विदेशी मद्याला पंचवीस. पेटी नेताना खरेदीची पावती खिशात ठेवा. परवाना नसलेल्या ढाब्यावर शेवभाजी मागवून टेबलाखाली बाटली ठेवायची आपली जी रीत आहे, तिच्यात धाड पडली तर ढाबेवाला आणि पिणारा दोघंही अडकतात. शेत आपलं, चार माणसं आपली, तिथे निदान हा घोर नाही. गांधी जयंती, आषाढी एकादशी आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद असतात. आणि एखाद्या गावात दुकानच दिसलं नाही तर ते तिथल्या बायांनी बंद केलेलं असू शकतं. महिला मतदारांपैकी चौथाई जणींनी लेखी मागणी केली की मतदान होतं, आणि पुरेशी मतं 'आडव्या बाटली'ला पडली की दुकानाला कुलूप. उभी की आडवी, हे चिन्ह ज्यानं शोधलं त्याला मराठी भाषेचं एखादं पारितोषिक द्यायला हवं होतं.

गाडीचा हिशेब मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसानं एक मोठी स्ट्राँग तासाभरात संपवली तर तो या मर्यादेच्या दुपटीच्या वर गेलेला असतो. पहिल्या खेपेला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दहा हजारवालीचा खरा दहा हजार हा. असोद्याचा रस्ता छोटा आहे, रात्री कापसाचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना उभे असतात. न पिणारे दोघे कोण हे पेटी आणायच्या आधी ठरवा, नंतर ठरत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोलसारखं औषध चालू असलेल्याला आग्रह करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या सुरुवातीला सांगितलंय, की सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. हे वाक्य पार्टीत कुणाला आवडत नाही, पण नाही म्हणू पाहणाऱ्याला पेला खाली ठेवायला ते पुरेसं आहे.

जेवणाशी जोडी लावायची तर एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं तिखटावर कडक बिअर मस्त. प्रत्यक्षात मिरचीचा चटका जीभ ज्या यंत्रणेनं ओळखते, तिलाच अल्कोहोल आणखी चेतवतं. गॅस वर भर घालतो. म्हणून शेवभाजीवर स्ट्राँग घेतली की नाकातून पाणी येतं आणि माणूस आग विझवायला अजून एक घोट घेतो. असल्या जहाल रश्श्यावर माइल्ड बरी, ताक त्याहून बरं. भरिताचं मात्र वेगळं आहे. त्यात धूर आहे, तेल आहे, शेंगदाण्याचा गोडवा आहे, आणि स्ट्राँगची ती माल्टची गोडसर चव धुराला छान चिकटते. मिरची बेताची ठेवा, पुऱ्या आधी वाढा, बाटली नंतर उघडा. रिकाम्या पोटी उघडलेली पहिली बाटली ही त्या रात्रीच्या बहुतेक भानगडींची आई असते.

किती आणायची? आमचं गणित असं. दहा जणांत दोघे गाडीवाले, दोघे न पिणारे, उरले सहा. सहांना चोवीसच्या पिंट पेटीतले बारा पिंट. कमी पडले तर पडू द्या. रात्री साडेनऊला "अजून एक पेटी आणू" म्हणणारा माणूस नेहमी तोच असतो ज्यानं गाडी चालवायला नको.

आणि सकाळी उजाडल्यावर, हे ज्याचं वावर आहे त्याच्यासाठी, बाटल्या मोजा. बारा आणल्या होत्या तर बारा गोळा झाल्या पाहिजेत. भंगारवाला पैसे देतो म्हणून नाही. काच मातीत गेली की ती पुढच्या पावसात नांगराला वर येते, आणि निंदायला येणाऱ्या बायांच्या पायात चप्पल असेलच असं नाही. झाकणंही मोजा. आमच्याकडे मागच्या वेळी अकराच सापडली, बारावं दोन दिवसांनी बैलाच्या खुरात.